चुकीची आज्ञा दिली तर प्रोग्रामने काय करावे, आणि ते तपासायचे कसे?

मलप्रभाकाठ

मी बेळगावात नोकरी करतो, पण घर खानापूर तालुक्यात आहे आणि गावच्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिले काढण्यासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिलेला आहे. तो टर्मिनलवरून चालतो. संकलनाच्या फाइली द्यायच्या, दरपत्रक द्यायचे, आणि हवे असल्यास ‘--तपासणी’ हा पर्याय जोडायचा. तो जोडला की बिले नुसती पडद्यावर दिसतात, सभासदांना एसएमएस जात नाहीत. (पर्यायांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत, वाचायला सोपे जावे म्हणून येथे देवनागरीत लिहितो आहे.)

गेल्या महिन्यात नवे दरपत्रक येण्याआधी एकदा आकडे पाहून घ्यावेत म्हणून, बिले काढणाऱ्या ताईंना मी पूर्ण आज्ञा मोबाइलवरून लिहून पाठवली. मोबाइलच्या कीबोर्डने दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकली. ताईंनी तो निरोप संगणकावर उघडून आज्ञा जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटवली. सुरुवातीला छोट्या रेघा नसल्यामुळे प्रोग्रामने ‘—तपासणी’ला पर्याय न मानता आणखी एका फाइलचे नाव मानले. त्या नावाची फाइल अर्थातच नव्हती. मी मात्र असे लिहून ठेवले होते की एखादी फाइल सापडली नाही तर एक ओळ छापायची आणि पुढे जायचे. ती ओळ बाकीच्या ओळींत वाहून गेली, जुन्या दराने बिले निघाली आणि सगळ्या सभासदांना एसएमएस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला सचिवांनी उभे राहून समजावून सांगितले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

हिशेबाच्या चाचण्या मी लिहिल्या होत्या. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक) यांच्या प्रत्येक जोडीला किती दर निघतो, पशुखाद्याची कपात, उचल, सगळे तपासले होते. चुकीची आज्ञा दिल्यावर किंवा मदत मागितल्यावर काय होते, याची मात्र एकही चाचणी नव्हती. आपण सगळे या चाचण्या कशा लिहिता? नेमके काय काय तपासता? आणि आपल्या भागात सूचना कोणत्या भाषेत ठेवता?

उद्यमबाग

मलप्रभाकाठ, मनापासून लिहिलेत. पहिली गोष्ट एक्झिट कोडची, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो त्या आकड्याची. काम नीट झाले तर शून्य, नाही झाले तर शून्येतर, हा करार प्रोग्रामने कधीही मोडता कामा नये, कारण माणूस ओळ वाचतो पण स्क्रिप्ट फक्त आकडा पाहते. तुमचा प्रोग्राम त्या दिवशी शून्य देऊन बाहेर पडला असणार.

आमच्या मशीन शॉपमध्ये मोजमापांचे अहवाल रात्री दुसऱ्या डिस्कवर नेणारी स्क्रिप्ट आहे. नकल करणारा प्रोग्राम चुकीच्या पर्यायावर ‘असा पर्याय नाही’ असे व्यवस्थित छापत असे, पण कोड शून्यच देत असे. पुढची पायरी ‘&&’ (आधीच्या आज्ञेचा कोड शून्य असेल तरच पुढची चालवणारे चिन्ह) लावून जोडलेली होती आणि ती जुने अहवाल पुसणारी होती. नकल झाली नाही आणि पुसणे मात्र झाले. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक प्रोग्रामची पहिली चाचणी तीच लिहितो: मुद्दाम चुकीचा पर्याय द्यायचा आणि कोड शून्य नाही याची खात्री करायची.

आकडा कोणता निवडावा याबद्दल प्रथा वेगवेगळ्या आहेत. पायथनचे आर्गपार्स (आज्ञेतले पर्याय वाचून देणारी लायब्ररी) वापरातल्या चुकीला २ देते, रस्ट भाषेतली तशीच लायब्ररी क्लॅपही २ देते, गिट १२९ देते, आणि बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या जुन्या यादीत वापरातल्या चुकीसाठी ६४ ठेवलेला आहे. मी २ ला चिकटून राहतो. ग्रेप (मजकुरात ओळी शोधणारा) आणि डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारा) यांच्यात १ ला स्वतंत्र अर्थ आहे: ग्रेपला जुळणारी ओळ मिळाली नाही तर १, डिफला फरक सापडला तर १, आणि खरी अडचण आली तर २. हा फरक आपल्या प्रोग्रामातही राखता येतो. ‘या काळात दूधच आले नाही’ आणि ‘आज्ञा चुकली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निपाणीकर

मदतीचा मजकूर कोठे छापायचा? स्टँडर्ड आउटपुटवर (नेहमीच्या छपाईचा मार्ग) की स्टँडर्ड एररवर (चुकांच्या सूचनांचा मार्ग)? आमच्याकडे यावरून नेहमी वाद होतो.

उद्यमबाग

निपाणीकर, माणसाने स्वतः ‘--हेल्प’ मागितले असेल तर मदत हेच त्या फेरीचे काम आहे. म्हणून ती स्टँडर्ड आउटपुटवर आणि कोड शून्य. ग्नू प्रकल्पाच्या प्रोग्राम-लेखनाच्या संकेतांतही ‘--हेल्प’ आणि ‘--व्हर्जन’ यांच्याबद्दल असेच सांगितलेले आहे. चुकीमुळे वापराची ओळ दाखवावी लागली तर ती स्टँडर्ड एररवर आणि कोड शून्येतर. मदत लांब असेल तर माणूस ती पाइपने, म्हणजे एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडून, लेसमध्ये (पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) किंवा ग्रेपमध्ये पाठवतो. मदत एररवर छापली तर ग्रेपच्या हाती काहीच लागत नाही.

अथणी_वाचक

थोडे वेगळे मत मांडतो. गो भाषेचे मूळ फ्लॅग पॅकेज मदतसुद्धा स्टँडर्ड एररवरच छापते आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. दुसरे असे की, आर्गपार्ससारखी लायब्ररी वापरत असाल तर ही कामे तिने केलेलीच असतात. तिच्या लेखकांनी तपासलेले आपण पुन्हा तपासण्यात वेळ का घालवावा? मलप्रभाकाठ यांची चूक फाइल नसताना पुढे जाण्याची होती. तेवढी दुरुस्त केली की झाले.

शहापूर_शिक्षिका

अथणी_वाचक, आपले म्हणणे मला अर्धे पटते. लायब्ररी तपासू नये, पण लायब्ररीकडून आपण काय मागितले आहे ते तपासलेच पाहिजे, कारण तिच्या काही सवयी आपल्याला ठाऊकही नसतात.

आर्गपार्स लांब पर्यायांची सुरुवातीची अक्षरे ओळखून अर्धवट नावही मान्य करते. ‘--दर-फाइल’ असा एकच पर्याय ‘दर’ने सुरू होत असेल आणि कोणी ‘--दर ३६’ असे लिहिले, तर प्रोग्राम ‘असा पर्याय नाही’ असे म्हणणार नाही. तो ३६ नावाची फाइल शोधायला निघेल आणि फाइल सापडत नाही अशी तक्रार करेल. दर लिहिणाऱ्या माणसाला ‘३६ ही फाइल नाही’ या वाक्यातून काय उलगडणार? पायथन ३.५ पासून ही सवय बंद करण्याची सोय आहे. ती बंद केली आहे ना, याची चाचणी आपणच लिहायची असते.

मी विद्यार्थ्यांना चाचणी लिहायला शिकवते तेव्हा प्रोग्राम आतून बोलावण्याऐवजी बाहेरून, सबप्रोसेसने (स्वतंत्र प्रोग्राम म्हणून), चालवायला सांगते. आतून बोलावला तर आर्गपार्स प्रोग्राम थांबवणारा सिस्टमएक्झिट हा अपवाद उचलते. ते पायटेस्ट या चाचणीच्या साधनात पकडता येते आणि त्यातल्या कॅपसिसने छापलेला मजकूरही मिळतो. छोट्या तपासणीला ते पुरेसे आहे. पण खरी आज्ञा देणारा माणूस बाहेर उभा असतो, म्हणून निदान काही चाचण्या त्याच्या जागेवरून झाल्या पाहिजेत. शेलमध्ये लिहायचे असेल तर बॅट्स या चाचणीच्या साधनात ‘रन’च्या पुढे आज्ञा लिहिली की कोड आणि मजकूर दोन्ही हाती येतात.

बाहेरून चालवल्यावर कोड पाहावा, स्टँडर्ड आउटपुट पाहावे, स्टँडर्ड एरर पाहावे. हे बहुतेक जण करतात. जे करत नाहीत तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आज्ञा चुकीची होती तर काहीही घडलेले नाही, हे तपासावे. रिकामी तात्पुरती फोल्डर तयार करावी, प्रोग्राम तिच्यात चालवावा, चुकीची आज्ञा द्यावी आणि नंतर फोल्डर अजून रिकामीच आहे हे पाहावे. एसएमएस पाठवणाऱ्या भागाच्या जागी नुसती नोंद ठेवणारा खोटा भाग बसवावा आणि त्या नोंदीत एकही ओळ नाही हे पाहावे. मलप्रभाकाठ यांच्या त्या सकाळी एक्झिट कोड २ आला असता, पण एसएमएस आधीच गेलेले असते, तर सभासदांच्या दृष्टीने काय बदलले असते?

अथणी_वाचक

शहापूर_शिक्षिका, संक्षिप्त नावांची सवय मला खरोखरच माहीत नव्हती. माझ्या दोन प्रोग्रामांत ‘--दिनांक-पासून’ आहे आणि लोक नुसते ‘--दिनांक’ लिहितात. ते चालते म्हणून मला वाटत होते की कोणीतरी तसा पर्याय जोडलेला असावा. उद्या ‘--दिनांक-पर्यंत’ जोडले की ते सगळे जण अडतील. माझा आक्षेप मागे घेतो.

कणकुंबीचा_पाऊस

अंकांचाही विचार करावा. आपल्या भागात जुन्या वह्या देवनागरी अंकांत आहेत, काहींच्या कन्नड अंकांत आहेत, आणि टंकलेखन करणारा माणूस कीबोर्ड बदलायला विसरतो. पायथनचे इंट आणि फ्लोट हे दोन्ही प्रकार देवनागरी आणि कन्नड अंक निमूटपणे स्वीकारतात, ‘३.५’ लिहिले तरी साडेतीनच होतात. पण तारीख वाचणारे स्ट्रपटाइम दिवसाच्या जागी ‘१५’ देवनागरीत दिले तर नाकारते. म्हणजे त्याच आज्ञेत दर देवनागरीत चालतो आणि तारीख चालत नाही, आणि माणसाला वाटते की तारीखच चुकली. सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण अक्षरांचा आकडा करणारे एटॉय तेच अंक पाहून गुपचूप शून्य देते आणि ते शून्य खरे की चुकीचे हे कळायला मार्ग राहत नाही. तेथे एटॉयऐवजी स्ट्रटॉल वापरून अंक कोठे संपले ते पाहावे लागते.

स्वीकारायचे की नाकारायचे हे आपण ठरवावे, पण दोन्ही ठिकाणी एकच ठरवावे आणि त्याची चाचणी ठेवावी. मी स्वीकारतो. वहीतले अंक पाहून टाइप करणाऱ्या माणसाने कीबोर्डची भाषा का सांभाळत बसावी?

निपाणीकर

रिकामे आर्ग्युमेंट (आज्ञेत प्रोग्रामला दिलेली गोष्ट) विसरू नका. स्क्रिप्टमधले व्हेरिएबल रिकामे राहिले आणि अवतरणचिन्हांत असले तर प्रोग्रामला रिकामी अक्षरमाला मिळते. ती ‘दिलेच नाही’ यापेक्षा वेगळी असते. आमच्या एका प्रोग्रामने रिकाम्या नावाला चालू फोल्डर मानले होते.

बिदरहून

आमच्याकडे, बिदरमध्ये, एका प्रोग्रामने सापडलेल्या चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून दिली होती. युनिक्सवर कोडचे फक्त ८ बिट उरतात, म्हणजे ० ते २५५. एके दिवशी बरोबर २५६ चुका निघाल्या आणि कोड आला शून्य. कोड नेहमी ठरावीक छोट्या आकड्यांतलाच असावा, एवढेच सांगायचे होते.

भाषेच्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहितो, कारण तो आपल्याकडे टाळता येत नाही. माझ्या कार्यालयात एकाच टेबलावर मराठी वाचणारा, कन्नड वाचणारी आणि फक्त इंग्रजी सूचनांची सवय झालेला, असे तिघे बसतात. आधी मी सूचना इंग्रजीत ठेवल्या; त्या कोणी वाचतच नसत, सरळ मला फोन करत. मग मराठीत केल्या तेव्हा कन्नड वाचणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘आमचे काय?’ त्यांचे बरोबरच होते. आर्गपार्स स्वतःच्या सूचना गेटटेक्स्ट या भाषांतराच्या सोयीमधून नेत असल्यामुळे ‘वापर’, ‘पर्याय’ असे तिचे शब्दही भाषांतरित करता आले.

त्यानंतर चाचण्या कोसळल्या, कारण त्या इंग्रजी वाक्ये शब्दशः जुळवत होत्या. आता मी प्रत्येक चुकीला क्रमांक दिला आहे. ‘चूक ०३’ तिन्ही भाषांत ‘०३’च राहते आणि फोनवर सांगायलाही सोपे पडते. चाचणी कोड पाहते, क्रमांक पाहते आणि माणसाने जे चुकीचे लिहिले ते नेमके त्याच्याच अक्षरांत सूचनेत आले आहे हे पाहते. पूर्ण वाक्य जुळवत नाही.

शहापूर_शिक्षिका

बिदरहून, क्रमांकाची कल्पना मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे. मदतीचा पूर्ण मजकूर जुळवण्याबद्दल आणखी एक अनुभव सांगते. आर्गपार्स टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी तोडते, म्हणून माझ्या संगणकावर उत्तीर्ण होणारी चाचणी विद्यार्थ्याच्या छोट्या खिडकीत नापास होत असे. कॉलम्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ८० वर पक्के केले की तो प्रश्न सुटतो. नंतर पायथन ३.१० मध्ये मदतीतले एक शीर्षक बदलून नुसते ‘ऑप्शन्स’ झाले आणि जुळवून ठेवलेले सगळे मजकूर एकाच दिवशी चुकीचे ठरले. तेव्हापासून आम्ही एवढेच तपासतो की प्रत्येक पर्यायाचे नाव मदतीत आहे का, आणि कोणताही पर्याय स्पष्टीकरणावाचून राहिलेला नाही ना.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. शहापूर_शिक्षिका यांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी बसून बाहेरून चालणाऱ्या चाचण्या लिहिल्या. पहिली चाचणी सर्वांत सोपी म्हणून ‘--हेल्प’ची घेतली. ती नापास झाली.

प्रोग्राम सुरू केल्यापासून मी स्वतः ‘--हेल्प’ बहुधा पहिल्याच आठवड्यात पाहिले असेल. त्यानंतर फॅटच्या पर्यायाच्या स्पष्टीकरणात ‘फॅट % मध्ये लिहावे’ असे वाक्य घातले. आर्गपार्स मदतीच्या मजकुरातल्या % ला रचनेचे चिन्ह मानते, त्यामुळे पुढचे ‘म’ अक्षर पाहून ते अडले आणि मदतीऐवजी पायथनची लांबलचक त्रुटी छापली गेली. % दोनदा लिहिले की अडचण मिटते. बिले दर वेळी नीट निघत होती, कारण तो मजकूर फक्त मदत मागितल्यावरच जुळवला जातो. म्हणजे इतके दिवस ताईंनी कधी मदत मागितली असती, तर नेमक्या त्याच वेळी प्रोग्राम कोसळला असता. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एकदा मागितली होती दादा, इंग्रजीत काहीतरी खूप आले, म्हणून परत नाही मागितली.’

उद्यमबाग

हे वाचून मी आमचे सगळे प्रोग्राम ‘--हेल्प’ने चालवून पाहिले. एक सापडला.

कणकुंबीचा_पाऊस

मदत मराठीत असेल आणि संगणक विंडोजचा असेल तर मदत फाइलमध्ये वळवूनही पाहा. पडद्यावर देवनागरी नीट दिसते, पण मजकूर फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये जाताना पायथन संगणकाची जुनी अक्षरसंहिता वापरू शकते, आणि तिच्यात देवनागरी नसली तर प्रोग्राम मदत छापतानाच कोसळतो. सबप्रोसेसने घेतलेली चाचणी पाइपमधूनच वाचते, म्हणून ती हे पकडते.

अथणी_वाचक

एक शंका. चुकीचे आर्ग्युमेंट आणि ‘--हेल्प’ दोन्ही एकाच आज्ञेत असतील तर काय अपेक्षित धरावे? आणि काहीच न देता नुसते प्रोग्रामचे नाव लिहिले तर ती मदतीची विनंती की चूक?

शहापूर_शिक्षिका

आर्गपार्स डावीकडून उजवीकडे वाचते. ‘--फॅट अबक --हेल्प’ लिहिले तर आधी ‘अबक’ हा आकडा नाही म्हणून २ देऊन थांबते. ‘--हेल्प --फॅट अबक’ लिहिले तर मदत छापून शून्य देते. अनोळखी पर्याय असेल तर मात्र तो शेवटी मोजला जातो, म्हणून त्याच्यानंतर ‘--हेल्प’ आले तरी मदतच मिळते. माझे मत असे की मदत मागितलेली असेल तर ती कोठेही असो, मिळालीच पाहिजे. गोंधळलेला माणूसच आधी चुकीचे लिहितो आणि मग त्याच ओळीच्या शेवटी मदत मागतो.

नुसत्या नावाबद्दल मी कडक आहे. आवश्यक गोष्टी दिलेल्या नाहीत तर ती चूक आहे, कोड २ हवा, आणि सोबत दोन ओळींत वापर आणि ‘सविस्तर माहितीसाठी --हेल्प’ एवढेच यावे. गिटसुद्धा नुसत्या नावावर मदत दाखवते, पण कोड १ देते.

बिदरहून

मलप्रभाकाठ, मूळ प्रश्नाकडे परत येऊन विचारतो: लांब रेघेचे काय केलेत?

मलप्रभाकाठ

बिदरहून, तेच सांगायला आलो होतो. तीन बदल केले. कोणतेही आर्ग्युमेंट लांब रेघेने सुरू झाले तर प्रोग्राम ते फाइलचे नाव मानत नाही. ‘चूक ०४: “—तपासणी” याच्या सुरुवातीला लांब रेघ आली आहे, तेथे दोन छोट्या रेघा हाताने लिहाव्यात’ असे सांगून २ देऊन थांबतो. दिलेल्या सगळ्या फाइली आधी पाहिल्या जातात आणि त्यांतली एक जरी सापडली नाही तर कोणतेच बिल निघत नाही. आणि एसएमएस पाठवणे वेगळ्या आज्ञेत नेले. ती बिलांच्या आज्ञेचा कोड शून्य असल्याशिवाय चालत नाही. तिन्हींच्या चाचण्या रिकाम्या फोल्डरमध्ये चालतात आणि शेवटी फोल्डर रिकामी आहे हे पाहतात.

काल बिलाचा दिवस होता. ताईंनी जुन्या निरोपातली तीच आज्ञा पुन्हा चिकटवली. प्रोग्राम थांबला, त्यांनी सूचना वाचली, रेघ पुसून दोन छोट्या रेघा लिहिल्या आणि आकडे पाहून घेतले. मला फोन आला तो संध्याकाळी, बिले निघाली हे सांगायला. कन्नड सूचना अजून बाकी आहेत. बिदरहून, तुमच्याकडच्या त्या बाई एकदा माझी वाक्ये वाचून पाहतील का?

बिदरहून

जरूर पाठवा. त्यांना विचारले, त्या तयार आहेत.